बबनकाकांचे पक्के दात

साखरखेर्ड्यात माझ्या शेजारी राहणारे बबनकाका कुणाला ‘कसं काय?’ असं विचारत नसत. सरळ म्हणत, “आ कर.” मग समोर तलाठी असो की कुणाचा नवा जावई. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. जनावराचं वय दातांवरून सांगायचे, सगळे दात जुळले की ते पुऱ्या वयाचं, आणि तीच नजर माणसांवरही टाकायचे. माझ्या लग्नात बायकोकडे बघून म्हणाले, “मास्तर, पोरगी चांगली हाय. पन अक्कलदाढ यायची हाय अजून.” मयतीला गेले तरी तिरडीपाशी वाकून पुटपुटत, “सारे दात जुळेल होते. पुरं जगला बिचारा.”

अशा माणसाचे समोरचे चार दात पडले. कवळी केली, ती महिनाभरात कपाटात गेली. एके सकाळी दारात उभे.

“मास्तर, देऊळगाव राजाले चाला. निघनार नाहीत असे दात पाह्यजेत.”

तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचे, हाडानं ते धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं आणि मग वर दात.

“म्हंजे आधी खुंटा गाडाचा. गाडा, बाई.”

“काका, तुम्हाला शुगर आहे. जखम लवकर भरणार नाही. कवळी काय वाईट आहे?”

“ते काढा लागते.”

“सगळेच काढतात.”

“मले काढाची नाही.”

परतीच्या बसमध्ये ते तोंडात रक्ताळलेला कापूस धरून बसले होते. पुढं गाल सुजला, ताप आला, एक स्क्रू ढिला झाला, तो पुन्हा बसवावा लागला. काका पेजेवर राहून वाळून गेले. पारावरची मंडळी विचारायची, “काऊन बे बबन, दुसरं लगन करून राह्यला काय?” काका खाली मान घालून पुढं जायचे.

दात बसले त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. काकूंना विसर पडतो हे मला ठाऊक होतं. किती, ते नव्हतं. उंबऱ्यातच काका हळू आवाजात म्हणाले, “एक दिस मी कवळी धुऊन राह्यलो होतो. तिनं पाह्यलं अन् किंचाळली. थोबाड काढनारा मानूस घरात घुसला म्हने. तवापासून माह्या हातचं खात नाही. सून भरवते तेवढंच.”

आत जाऊन ते काकूंच्या समोर बसले आणि हसले. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग काकांकडे बघतच त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“बसा भाऊ. आमचे मालक भाईर गेले. येतीनच.”

काकांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे खाली गेले. त्यांनी वरणभाताची ताटली ओढली.

“बसतो. तवरोक दोन घास खाता काय?”

काकूंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला काकांचा हात धरून म्हणाल्या, “भाऊ, त्यायच्यासाठी ठेवा थोडं.”

“ठेवतो,” काका म्हणाले.