तिकडचा झाडू

एका जंगलात, बाळांनो, कुणालाच स्वतःच्या कामाशी काम नव्हतं. एकजण शिंकला की शेजारचे सगळे काढा घेऊन यायचे. आज काय रांधलं, पोरीचं लग्न का जमत नाही, काल कशावरून भांडलात, सगळं सगळ्यांना माहीत. कुणी हाक मारली की अख्खं जंगल धावत सुटायचं. निम्मे नुसते बघायला यायचे. काहीजण सल्ले द्यायला. उरलेले खरोखर काहीतरी करायचे. पण यायचे सगळे.

खिदळू नका. गोष्ट ऐकायची असेल तर नीट बसा.

या जंगलात भागीरथी नावाची एक म्हातारी कोल्हीण राहायची. गुडघे गेलेले, एका डोळ्याने कमी दिसायचं. नवरा केव्हाच वारला. एकुलता एक मुलगा सदानंद, तो समुद्रापलीकडे बर्फाच्या जंगलात नोकरीला. म्हणजे म्हातारी एकटी. पण एकटी कसली! शेजारची हौसा टिटवी उजाडलं की दारात येऊन ओरडायची, "भागाक्का, आहेस का गेलीस?"

"आहे गं बाई. एवढ्यात कुठली जातेय!" आतून उत्तर यायचं.

मग केरबा रानडुक्कर यायचा. दारात चार कंद टाकायचा आणि जाता जाता टोचायचा, "काय भागाक्का, लेकाला आई आठवते का?" म्हातारी त्याला शिव्या घालायची. शिव्या घालून झाल्या की कंद खायची. असं छान चाललं होतं.

एका वर्षी सदानंद सुट्टीवर आला. भर वैशाखात अंगात लोकरीचा कोट. कोल्ह्याला लोकरीचा कोट, ऐकलंत? ओढ्याचं पाणी बाधेल म्हणून प्यायचं पाणीही तिकडून आणलेलं. याच ओढ्यात नागडा डुंबून हा लहानाचा मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा ओरडली, "भागाक्का, आहेस का गेलीस?"

सदानंद डोळे चोळत बाहेर आला. "मावशी, हा काय प्रकार आहे? तिकडे असलं चालत नाही."

"मग तिकडे काय करतात रे?"

"तिकडे कुणी कुणाच्या दारात जात नाही. कुणाला काही विचारत नाही. मी इतकी वर्षं राहतोय, पण शेजारच्या अस्वलाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही!"

आणि हे त्याने छाती फुगवून सांगितलं, बरं का.

संध्याकाळी वडाखाली सभा भरली. सदानंद उभा राहून बोलू लागला. तिकडे शांतता असते. तिकडे रांग असते. तिकडे लांडगा हरणाला खाण्याआधी ‘माफ करा’ म्हणतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणांनी जरा जास्तच वाजवल्या.

"आणि तिकडे उजाडताच प्रत्येकजण आपलं दार झाडतो. बर्फाचा कण ठेवत नाही. म्हातारी अस्वलंसुद्धा! याला म्हणतात शिस्त."

आता कान इकडे करा. बर्फाच्या जंगलात दार स्वच्छतेसाठी झाडत नसत. तिथे रोज सकाळी रेनडिअरची गस्त फिरायची. ज्या दारातला बर्फ झाडलेला नाही, तिथे आत कुणीतरी पडलंय असं समजायचं, आणि सरळ दार फोडून आत शिरायचं. एकमेकांकडे जायची पद्धत नाही, म्हणून त्या शहाण्यांनी ही सोय केली होती. सदानंद ती गस्त रोज खिडकीतून बघायचा. त्याला वाटायचं, रेनडिअर सकाळचे फिरायला निघालेत. कुणाला विचारावं? छे! विचारलं तर आपण नवखे आहोत हे कळेल ना! कोल्हा कसला, गाढव मेला.

सभेत केरबा एकटाच उठला. "ते ठीक आहे. पण कुणी आत पडलं तर?"

"तिकडे कुणी पडत नाही."

"पडतच नाही?"

"माझ्या तरी कानावर आलेलं नाही."

शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेल्याच्या कानावर काय कपाळ येणार! पण केरबाला सगळे हसले. ठराव झाला. रोज दार झाडायचं. बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. गस्तीचा विषय निघालाच नाही. तिकडचं जे फुकट होतं तेवढं घेतलं, आणि ज्याला पहाटे उठून पाय झिजवावे लागतात ते तिकडेच राहिलं.

"सदू," म्हातारी म्हणाली, "हौसा आली नाही तर मला करमेल का रे?"

"आई, तुला प्रायव्हसी कळतच नाही."

"नाही रे बाबा. पण तू म्हणतोस तर झाडते."

सदानंदने तिला तिकडचा झाडू दिला आणि तो निघून गेला. म्हातारी रोज गुडघे धरून दार झाडायची. हौसा समोरच्या दगडावर चोच मिटून बसायची. टिटवीने तोंड मिटून बसायचं! पण जंगल सुधारलं होतं ना.

तिकडे बर्फात अस्वलांनी सदानंदला बोलावलं. म्हणाली, "तुमच्या जंगलाविषयी सांगा." सदानंद व्याख्यानाला उभा राहिला. "आमच्याकडे म्हातारं माणूस कधी एकटं नसतं," तो म्हणाला. "माझ्या आईच्या दारात रोज पहाटे शेजारीण येते. आहेस का, असं विचारते. तुमच्याकडे आहे का ही माया?" अस्वलं रडली. सदानंदही रडला. अगदी खरं रडला, हीच तर संतापाची गोष्ट आहे. त्याला शाल मिळाली.

इकडे एका सकाळी झाडू घ्यायला उठलेली भागीरथी आत घसरून पडली. तिला उठता येईना.

"हौसा! अगं हौसा!"

हौसाने ऐकलं. केरबाने ऐकलं. सगळ्या जंगलाने ऐकलं. सगळे आपापल्या दारात येऊन उभे राहिले.

"जायचं का?"

"नुसतं नाव घेतलंय. ये म्हणाली नाही."

"ती स्पष्ट बोलावेल की. उगाच अडाणी ठरायला नको."

म्हातारीच्या दारात पाचोळा साचू लागला. "भागाक्का हल्ली झाडत नाही," माकड म्हणालं. "आळशी झाली." "असू दे, तिचा खाजगी प्रश्न आहे," हरीण म्हणालं. हाका बारीक होत गेल्या आणि मग थांबल्या. मग गिधाडं आली. गिधाडं सभेला नव्हती, त्यांना ठराव माहीत नव्हता.

खबर कळताच सदानंद धावत आला. दारात बसून त्याने हंबरडा फोडला. "एवढं जंगल असून कुणी आलं नाही? हौसामावशी, तू तरी?"

"आले होते रे अंगणापर्यंत," हौसा म्हणाली. "पाय उचलला होता. मग तुझी आठवण झाली आणि लाज वाटली. माझं चुकलं. मी मरेपर्यंत म्हणेन, माझं चुकलं."

सदानंद परत गेला. बर्फातल्या घरात तो नुसता पडून राहिला. उठला नाही, जेवला नाही. दुसऱ्या सकाळी धाडकन दार फुटलं आणि रेनडिअर आत शिरले.

"जिवंत आहात ना? तुमच्या दारातला बर्फ झाडलेला नव्हता."

मग त्यांनी त्याला झाडण्याचं कारण सांगितलं. सदानंदने सगळं ऐकून घेतलं आणि उठून दारातला बर्फ झाडला.

आता तुम्ही विचाराल, मग त्याने आपल्या जंगलाला निरोप धाडला असेल? गस्त घाला, नाहीतर पहिल्यासारख्या हाका मारा, असं कळवलं असेल? वेडे आहात. कळवलं तर आपली चूक सांगावी लागली असती. एव्हाना वडाखाली त्याचा सत्कारही ठरला होता. इकडे प्रत्येक म्हातारी रोज उठून दार झाडतेच आहे. एखादीचं झाडायचं राहिलं, तर जाणारे येणारे पाचोळा ओलांडून पुढे जातात.

तात्पर्य: इकडे असताना तिकडचं कौतुक करावं आणि तिकडे असताना इकडचं, म्हणजे दोन्हीकडे मान मिळतो. आई तेवढी एकाच ठिकाणी असते, पण एवढ्या तेवढ्या अडचणीकडे मोठ्यांनी लक्ष देऊ नये.