डबीतला कागद

केसरमावशी औषधाची डबी दुकानातच उघडायच्या आणि आतल्या गोळ्यांकडे न बघता आधी कागद शोधायच्या. कागद नीट घडीचा असला तर डबी पदराखाली जायची. चुरगळलेला निघाला तर दुसरी डबी मागायच्या. गोळ्या फुटलेल्या निघाल्या तरी त्यांची तक्रार नसे. लोधीपुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंना रक्त कमी असल्याचा आजार होता, असं त्या स्वतः सांगत. दुसऱ्या कुणाला तो दिसला नव्हता.

अंगाने त्या चांगल्या दणकट होत्या. भरलेला हंडा कडेवर घेऊन वाटेत उभ्या राहून गप्पा मारायच्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा त्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाला, "मावशी, यातलं थोडं रक्त मलाच द्या."

"त्याले काय कळते," मावशी घरी येऊन म्हणाल्या. "पट्ट्या बांधणारा तो. विलायतचे डाक्टर काय येडे आहेत?"

विलायतेच्या डॉक्टरांचं म्हणणं त्या डबीतल्या कागदावर छापलेलं असे आणि ते इंग्रजीत असे. म्हणून मला बोलावणं यायचं. मी जबलपूरच्या मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात राहून शिकले. मॅट्रिक होऊन घरी परतले तेव्हा मला इंग्रजी छान येत होतं आणि गल्लीत कुणाशी काय बोलावं ते येत नव्हतं. मुलीला इतकं शिकवून काय उपयोग, या प्रश्नाला आईला सापडलेलं पहिलं उत्तर म्हणजे केसरमावशींचा कागद. नवी डबी आली की ती मला पाठवायचीच.

"या मडम," मावशी म्हणायच्या आणि ओट्यावर सतरंजी टाकायच्या. मी कडेलाच बसायची. पाय खाली, चपला पायात, म्हणजे केव्हाही उठता येईल.

डबीवर एका गोऱ्या बाईची दोन चित्रं होती. एकात ती खुर्चीत कोलमडलेली, दुसऱ्यात गाल लाल करून हसणारी. मावशींना तिची काळजी वाटे. "नुसता पाव खाऊन काय होईल तिचं," त्या म्हणायच्या. "पण कोणीतरी इचारलं असंल तिले. म्हणून बरी झाली."

कागदावर सगळे प्रश्नच होते. मी एकेक वाचून मराठीत सांगायची. सकाळी उठल्यावर थकल्यासारखं वाटतं का? जिना चढताना धाप लागते का? जेवण बेचव लागतं का?

मी वाचत असे. मावशी उत्तरं देत असत.

"जिना आहे कुठे आपल्याला? पण बहादरपूरच्या वावरात जाते ना, तो बांध चढली की अशी धाप लागते, का इचारू नको. जेवण म्हणशील तर काल भाकर केली, अर्धी तशीच राहिली. एकटीसाठी चूल पेटवाची म्हणजे लाकडाचीच कीव येते. हं, फुडलं वाच."

बहादरपूरचं वावर नवऱ्यामागे पुतण्या बघायचा. तो अधूनमधून केळीचा घड आणून ओट्यावर टेकवायचा आणि "काकू, ठेवलं" म्हणून रस्त्यावरूनच परत फिरायचा. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत तो कोपऱ्यावर गेलेला असे. तांब्यातलं पाणी मग तुळशीला. तुळशीला त्या गोळ्याही घालत, रोज एक स्वतःला आणि एक तिला. "तीबी पिवळी पडली. तिलेबी रगत लागतेच."

शेवटचा प्रश्न असा होता, की कारण नसताना रडू येतं का. तो आला की मावशी हात हलवायच्या. "ते राहू दे."

वाचून झाला की कागद चुलीत जायचा. मी एकदा सुचवून बघितलं, की सगळ्या डब्यांत तोच कागद असतो, जपून ठेवला तरी चालेल. मावशींनी माझ्या अडाणीपणाला हसून घेतलं. "तो मागच्या महिन्याचा कागद, पोरी. तवा मी कशी होती ते त्यानं इचारून घेतलं. आता कशी आहे, ते त्याले काय माहीत?"

मग तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली आणि एका खेपेला डबीत कागदच निघाला नाही. मीही दोरे घ्यायला त्याच बाजारात होते, म्हणून ते सगळं ऐकलं.

"मावशी, गोळी तो तीच आहे," दुकानदार म्हणाला. "लडाईत कागजच येत नाही. ही नुसती डबीच येते आता."

"मंग गोळ्या तुले ठेव."

"अरे, आजार कागजनं बरा होतो का गोळीनं?"

मावशी डबी त्याच्या फळीवर ठेवून निघाल्या.

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. बोलवायला निमित्त उरलं नव्हतं आणि आपणहून जायला माझ्याजवळही नव्हतं. मी दारावरून गेले की त्या ओट्यावर बसलेल्या असत. "चालली का, मडम?" इतकंच विचारायच्या. मी हो म्हणून पुढे जायची. हंडा आता त्या अर्धाच भरून आणत. तुळस सगळी पिवळी झाली होती. आई म्हणाली, "केसरबाई खंगल्या बघ." गल्लीला त्यांचा आजार दिसायला लागला तो तेव्हा.

मला न बोलावता कुणाच्या घरी जाता येत नसे. आपल्या मनाने मी कुणाला काही विचारलंही नव्हतं. बोर्डिंगात विचारायचं काम सिस्टरांचं, आमचं उत्तर द्यायचं. तरी एका दुपारी मी गेले. मावशींनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"कागद आला का?"

"नाही आला."

मी कडेला बसले. समोर बघायला काही नव्हतं, म्हणून तुळशीकडे बघत म्हटलं, "मावशी, सकाळी उठल्यावर थकल्यासारखं वाटतं का?"

मावशींनी पदर सारखा केला.

"उठावंसंच नाही वाटत, पोरी," त्या म्हणाल्या, आणि मग थांबेचनात. गुडघ्याचं झालं, भाकरीचं झालं, वावरातल्या बांधाचं झालं. धापेचं विचारलं, झोपेचं विचारलं. शेवटचा प्रश्न मी सवयीने सोडला आणि उठले.

"एक राहिला," मावशी म्हणाल्या.

मी उभ्यानेच विचारला.

"कारण नसताना नाही येत," त्या म्हणाल्या.

त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड हाताने सरळ केली आणि प्रथमच माझ्याकडे नीट निरखून बघितलं, कंपाउंडरने त्यांच्याकडे बघितलं होतं तसं.

"आता तू सांग. बोर्डिंगातून आली तवाची पाहते मी. तुले झोप लागते का?"

मी चपला काढल्या आणि ओट्यावर वर सरकून बसले.