अर्थिंगची तहान

“हात काढ! आधी तो हात काढ, मंग तोंड उघड!”

फाटकातून आलेली ती आरोळी इतकी जबर होती, की तीन गल्ल्यांपलीकडच्या एका कुत्र्यानं पंजा वर उचलला म्हणतात. मी स्विचबोर्डापुढे पेचकस घेऊन उभा होतो. वडील हर्नियाचं ऑपरेशन करून धंतोलीच्या दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. त्यांच्या खोलीत कूलर हवा होता आणि तिथे सॉकेट नव्हतं. बल्बाच्या बटणातून दोन तारा ओढायच्या, सॉकेट ठोकायचं, झालं, असा माझा बेत होता.

“काका, मेन स्विच बंद केलाय.”

“कोणं पाह्यलं?”

“मी.”

“तू का करंटचा जावई होय? करंटले नातं समजत नाही, बापा!”

हे आमच्या गल्लीतले गायधने काका. निवृत्त वायरमन. त्यांनी मीटरजवळचा फ्यूज उपसला, खिशात टाकला आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. काम संपेपर्यंत त्या घरचा फ्यूज त्यांच्या खिशात. एकदा एका घरचा फ्यूज खिशात घेऊन ते लग्नाला वर्ध्याला गेले. ते घर तीन दिवस कंदिलावर होतं, पण शॉक कोणाला लागला नाही, हे काका अजून अभिमानानं सांगत.

फ्यूज काढूनही त्यांचा विश्वास नव्हताच. आधी मीटरजवळच्या जिवंत तारेवर टेस्टर पेटतो का ते पाहिलं, मग बोर्डाला लावला. “टेस्टरच मेला असन तर? त्याची बी परीक्षा पाहिजे.”

मग माझा बेत ऐकून ते खाटेवर बसलेच. “बल्बाच्या तारेवर कूलर? बकरीवर गव्हाचं पोतं लादून राहिला काय गा मधू?”

मीटरपासून वेगळी जाड तार आली, तिला तिचा स्वतःचा फ्यूज आला, तीन भोकांचं सॉकेट आलं. तिसऱ्या भोकाची तार, म्हणजे अर्थिंग, थेट जमिनीत. त्यासाठी परसात खड्डा, खड्ड्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. खड्डा इतका खोल गेला, की आईनं माळ्यावरचा पोहरा काढून ठेवला.

“एवढं कशाला हो काका?”

“लोखंडाची टाकी, तिच्यात पाणी, अन् वल्ला बनियान घालून तू. यमाले आणखी काय पाह्यजे?”

तिसऱ्या दिवशी कूलर घुमला, वाळ्याचा वास सुटला आणि आठ दिवसांत वडील पहिल्यांदा हसले.

मला वाटलं, संपलं. पण नागपूरचा मे! आमच्याकडे पापड गच्चीवर नेता नेता जिन्यातच भाजतात. जमीन सुकली की अर्थिंग कुचकामी, असं काकांचं म्हणणं. म्हणून रोज भर दुपारी, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि हातात पाण्यानं भरलेला लोटा घेऊन ते यायचे. “पी बापा, पी,” म्हणत खड्ड्यात ओतायचे. मग ओसरीवर बसायचे. आई ताक द्यायची आणि काका तासभर तिला फ्यूजची तार समजवायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा भिलाईला. त्याचं कार्ड दिवाळीला यायचं.

एके दिवशी काकांना फाटकातच भोवळ आली. मला दया आली आणि दयेबरोबर अक्कलही आली. मी खड्ड्यावर तीन बांबूंचं तिकाटणं उभारलं, त्यावर बुडाला भोक पाडलेला माठ टांगला. टप, टप.

“काका, आता उन्हात यायची गरज नाही.”

काकांनी थेंबाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं. “बरं केलं गा. डोकं हाय तुले,” म्हणाले आणि भरलेला लोटा तसाच घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आई ताकाचा पेला झाकून ठेवायची आणि दिवेलागणीला तुळशीजवळच्या मांजरीला घालायची. मांजर गलेलठ्ठ झाली.

रविवारी दुपारी फाटकातून पुन्हा आरोळी आली. “मधू! वहिनीनं निरोप देल्ला म्हून कळलं! अर्थिंग कोरडी ठाक पडली गा! म्या म्हनलं नव्हतं, माठाचा भरोसा नाही!”

तसं त्यांनी म्हटलं काही नव्हतं, पण चेहरा असा उजळला होता, की त्यावर घराचे चार बल्ब चालले असते. लोटा ओतला, दोन पेले ताक प्यायले आणि माठावर विसंबणाऱ्या पिढीवर तासभर बोलले. टेस्टरचीही परीक्षा घेणाऱ्या त्या माणसानं माठाकडे मात्र वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ते गेल्यावर मी पाहिलं. माठ काठोकाठ भरलेला. बुडाच्या भोकात कणकेचा गोळा, अंगठ्यानं नीट दाबलेला.

तो गोळा घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि आईपुढे धरला. “हे काय?”

आई काकांचा पेला विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “कणीक उरली होती.”