राउटरला उकडतं

आधी शपथ घेते, मग सांगते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर यंदाच्या माझ्या ज्वारीच्या सगळ्या बिबड्यांना गच्चीवर वाळता वाळता तडे जाऊ देत आणि पापड कावळे नेऊ देत. झालं समाधान? आता मध्ये कोणी बोलायचं नाही.

तर इथं जळगावात, आमच्याच कॉलनीत आधार आबा राहतात. मूळचे धुळ्याकडचे. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आणि रिटायर झाल्यावर मुलाकडे आले. आबांचं या जगाकडे एकच मागणं उरलं होतं. मे महिन्यातल्या दुपारी खाटेवर पडावं, समोर कूलर घरघरावा, त्याच्या ओल्या गवताचा वास यावा आणि डोळा लागावा. कूलरही कसा, तर जाड पत्र्याचा, लहानशा कपाटाएवढा, पोटात बादल्याच्या बादल्या पाणी. जळगावचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना या मागण्याची किंमत कळेल. बाकीच्यांनी तव्यावर हात ठेवून बघावा.

आबांची नात साक्षी पुण्याच्या कंपनीत. तिला घरून काम करायची परवानगी मिळाली, म्हणून तिच्या वडिलांनी, रतिलालने, नवीन नेट घेतलं. राउटर आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. रतिलालच्या बायकोने, दिपमालाने, तो हॉलच्या शोकेसमध्ये चांगल्या कपबश्यांशेजारी मांडला, त्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला आणि धूळ नको म्हणून काच ओढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून साक्षीचा साहेब स्क्रीनवर तोंड उघडं टाकून गोठायला लागला.

रतिलालने नेटच्या कंपनीला फोन लावला.

"सर, राउटरवर कोणता दिवा लागलाय?"

"हिरवा."

"मग नेट चालू आहे."

"अहो मॅडम, चालत नाही म्हणून तर फोन केला ना!"

"सर, हिरवा दिवा असताना नेट न चालण्याची सोय आमच्याकडे नाही. दिवा लाल आहे असं लिहू, की बंद आहे असं लिहू?"

रतिलालने विचार करून लाल सांगितला. मग भिकन आला. भिकन म्हणजे कंपनीचा माणूस, एका खांद्यावर वायरचं वेटोळं आणि दोन्ही हातांत मोबाईल. 'ग्राहक समाधानी आहे' याचा ओटीपी त्याने दारातच मागून घेतला, आणि मग आत येऊन राउटरला हात लावला.

"पार तापलाय हो, भाऊ. थंड जागी ठेवा, म्हणजे पळेल."

काच उघडा, रुमाल काढा, असं तो म्हणाला नाही. फर्निचर त्याच्या कामात येत नव्हतं.

आता जळगावात, मे महिन्यात, थंड जागा एकच. आबांचा कूलर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दिपमाला मात्र आबांजवळ खाटेवर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुम्हाला उकडणार नाही ना? तुम्ही नको म्हणालात तर खाट नाही नेणार बाहेर."

सून एवढं विचारते म्हटल्यावर आबा विरघळले. "लई जा, लई जा. माले काय व्हस?"

आबांची खाट पुढच्या पोर्चमध्ये गेली, पत्र्याखाली. आबांच्या खोलीत स्टुलावर राउटर बसला आणि कूलर त्याच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. नेट होतं त्याच्या निम्मं झालं.

साक्षी म्हणाली, "पप्पा, कूलर पत्र्याचा, त्यात पाणी भरलेलं. त्यातून सिग्नल जात नाही. बाजूला घ्या ना."

"कंपनी सांगते थंड करा. तू कंपनीच्या पुढं गेली का?"

परत तक्रार, परत ओटीपी, परत भिकन. त्याने चहूबाजूंनी हात लावून निदान केलं. "भाऊ, थंडावा एकतर्फी आहे."

म्हणून शेजारच्या चुडामणचा कूलर आला. चुडामण काही फुकट देणारा नाही. त्याने पासवर्ड घेतला, आणि त्या दुपारपासून त्याच्या घरचे सगळे याच नेटवर सिनेमे बघायला बसले. नेट आणखी बसलं. मग रतिलालने मंडपवाल्याकडून लग्नातला कूलर आणला, ज्याच्यापुढं अख्खं वऱ्हाड जेवतं तो. आता राउटरच्या तीन बाजूंना तीन कूलर आणि चौथीला भिंत. खोली इतकी गार पडली की तिथं ठेवलेल्या मटकीला मोड येईनात. दिपमाला स्वेटर घालून आत जायची. राउटरला सर्दी होईल म्हणून तिने त्याला एक मफलरही विणला. रोज सकाळी रतिलाल त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "काय रे, उकडत तर नाही ना?"

नेट साफ बंद पडलं.

त्याच दिवशी कंपनीचा मेसेज आला. मेसेज कधी अडकत नाहीत. 'अभिनंदन! आपला राउटर खान्देश विभागातील सर्वांत थंड राउटर ठरला आहे. प्रमाणपत्र ईमेलवर पाठवले आहे.' सगळे ईमेल उघडायला बसले. चाक फिरत राहिलं.

साक्षीच्या साहेबाने सांगितलं, सोमवारपर्यंत नेट नाही तर पुण्याला परत. आणि पोर्चमध्ये आबा दोन्ही अंगांनी भाजून निघत होते. उशाच्या तांब्यातलं पाणी नुसती चहापत्ती टाकून प्यावं, एवढं तापायचं. ओला पंचा अंगावर घ्यावा, तर तो खाटेपर्यंत येईस्तोवर इस्त्री केल्यासारखा कडक व्हायचा.

शेवटी एका दुपारी, घर झोपलेलं बघून, आबांनी उशी काखोटीला मारली आणि पाय न वाजवता स्वतःच्याच खोलीत चोरासारखे शिरले. आत पाठ टेकायला जागा नव्हती. आबांनी लग्नाच्या कूलरला खांदा लावला, रेटत रेटत त्याला कोपऱ्यात नेलं, मोकळ्या फरशीवर आडवे झाले आणि म्हणाले, "हाई शे बरं!"

डोळा लागणार, तेवढ्यात बाहेरून साक्षी किंचाळली, "आलं! नेट आलं! साहेब हलतोय!"

सगळे धावत आले. बघतात तर मफलरवाल्या राउटरशेजारी आबा.

"आबा, काय केलं तुम्ही?"

आबांनी कोपऱ्यातल्या कूलरकडे बघितलं. राउटरकडे बघितलं. दारातून सरळ दिसणाऱ्या साक्षीच्या टेबलाकडे बघितलं. जन्मभर खचाखच भरलेल्या गाडीत कोणी तिकीट काढलं नाही, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस तो. त्याला काय कळायचं राहतं? खरं बोलावं तर हे लोक कूलर कोपऱ्यात ठेवतील आणि आपल्याला परत पोर्चमध्ये.

"काई नही," आबा म्हणाले. "फक्त झोपनू. याले एकटं वाटस. जोडीले माणूस जोयजे."

लगेच चाचणी झाली. आबांना उठवलं. उठता उठता आबांनी कूलर कमरेने होता तिथं सरकवला. नेट गेलं. आबांना झोपवलं. झोपता झोपता आबांनी तो पायाने परत ढकलला. नेट आलं. साक्षीने सगळं बघितलं आणि खाली मान घालून कीबोर्ड बडवायला लागली.

भिकनने मोबाईलवर कारण भरलं, 'राउटरजवळ ज्येष्ठ व्यक्ती नसल्यामुळे वेग कमी.' कंपनीने ते वरपर्यंत पाठवलं. वरून नियम आला. आता नवीन नेट घ्यायचं तर अर्जात विचारतात, 'घरात ज्येष्ठ व्यक्ती आहे का? असल्यास कोठे झोपते?' चुडामणने जामनेरला भावाकडे ठेवलेली आई परत आणली, स्वतः गाडी करून. कॉलनीभर म्हाताऱ्यांच्या खाटा पोर्चमधून, जिन्याखालून निघून आत कूलरपुढं आल्या. आबांना कोणी म्हणालंच, जरा सरका, मलाही वारा येऊ द्या, तर ते डोळे न उघडता म्हणतात, "रिझर्व्ह शे."

संपलं. पण आता ऊन कलतंय, बिबडे अजून गच्चीवर आहेत आणि शपथ माझ्या तोंडची आहे, तेव्हा सांगून टाकते. यात एक गोष्ट मी पदरची घातली. मफलर नव्हे, तो मी हातात घेऊन बघितलाय. प्रमाणपत्रही नव्हे. खाट हलवायच्या आधी सून आबांजवळ बसली आणि 'तुम्हाला उकडणार नाही ना' म्हणाली, तेवढं माझं. ऐकायला बरं वाटावं म्हणून. विचारलं कोणीच नव्हतं. नुसती खाट उचलली.

आणि तुम्ही मफलरला 'काहीही हं, आजी' म्हणालात. सुनेच्या त्या वाक्याला मात्र एकाचीही भुवई वर गेली नाही. बघा जरा, तुमच्या घरी कूलरचं तोंड कोणाकडे आहे ते.