ढवळूने रंगवलेला सूर्य

मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत नववीतल्या रोशनीने वाल टोकायचं यंत्र बनवलं, तेव्हा शाळेतलं विज्ञान शिक्षकाचं पद रिकामं होऊन तीन वर्षं झाली होती. कदाचित म्हणूनच ते बनलं. दोन चाकं, दोन मोटारी आणि वर वालाचा डबा. भात कापून झालं की रोशनीची आई दिवसदिवस वाकून, मातीत दाणे खोचत वाल टोकायची आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. यंत्राने सरळ रेषेत जावं आणि वीतभर अंतरावर एकेक दाणा टाकावा, एवढंच रोशनीला हवं होतं. राज्याच्या प्रदर्शनात ते पसंत पडलं, तर शेतात चालेल असं मोठं यंत्र बनवून मिळतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

सरळ जाण्याची सगळी युक्ती चाकांच्या चकत्यांत होती. प्रत्येक चाकाच्या आसावर वीस खाचांची एक पातळ चकती होती. तिच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड ओळखणारा डोळा. खाच समोर आली की उजेड पलीकडे जाई आणि यंत्र एक आकडा मोजी. दोन्ही चाकांचे आकडे सारखे राहिले की यंत्र नाकासमोर चाले.

तपासणीला साहेब येणार असं कळल्यावर मुख्याध्यापक तुळशीदास सरांना हे यंत्र फारच उघडंबोडकं वाटू लागलं. यात आपली संस्कृती कुठे दिसते, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी ढवळूला बोलावलं. ढवळू शाळेचा कामाठी. शाळेत भांडी घासायचा आणि गावात तारपा वाजवायचा. वारली चित्रं काढ आणि कुठेही मोकळी जागा सोडू नकोस, असं सरांनी बजावलं. ढवळू सांगितल्या कामाचा पक्का. त्याने तांदळाचं पीठ डिंकात कालवलं आणि डब्यावर माणसं, झाडं, कोंबड्या काढल्या. डाव्या चाकाजवळ त्याला ती गोल चकती दिसली. चांगला वीस किरणांचा सूर्य आयता तयार होता, फक्त रंगवायचा राहिला होता. त्याने तो मन लावून रंगवला. उजव्या बाजूला चंद्र करायचा होता, पण पीठ संपलं.

साहेबांसमोर यंत्र सुरू झालं. डाव्या चाकाचा एकही आकडा येईना. ते मागे पडलंय असं समजून यंत्र त्याला आणखी पळवू लागलं आणि उजव्याला दाबून धरू लागलं. झालं, वाल उधळत ते गोल गोल फिरायला लागलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात सर पुढे झाले.

"तारपा नाच आहे, साहेब. मुलांनी परंपरेला तंत्रज्ञानाची जोड दिलीय."

साहेबांची आठी गेली आणि मोबाइल बाहेर आला. राज्याच्या प्रदर्शनासाठी निवड त्यांनी जागच्या जागी जाहीर केली. रोशनी काही बोलणार तोवर तिच्या हातात गुलाबाचं फूल आलं. ढवळू मात्र खाली वाकून बघत राहिला.

"तारपावाला मधी उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "बाकीची त्याचे भवती नाचतात. हितं मधी कोन हाय?"

सरांनी त्याला चहाचे कप उचलायला पाठवलं.

पुढचे चार दिवस रोशनी दोष शोधत होती. तिने सेल बदलले, तारा पुन्हा जोडल्या, मोटारींची अदलाबदल केली, डोळ्यांचीही केली. यंत्र त्याच बाजूला गोल फिरत राहिलं. शेवटी तिने दोन्ही चकत्या काढून खिडकीसमोर धरल्या. उजवीतून वीस ठिकाणी उजेड आला, डावीतून एकाही ठिकाणी नाही.

ढवळूचं तोंड एवढंसं झालं. "मला तं सूर्यच वाटला गं," तो म्हणाला. मग त्यानेच चकती कोमट पाण्यात भिजवली आणि काडीने एकेक खाच मोकळी केली. यंत्र व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं, मागे वीतवीत अंतरावर दाणे ठेवत. रोशनी धावत जाऊन सरांना घेऊन आली.

सरांचा चेहरा पडला. "हे काय करून ठेवलंस? नाचत का नाही?"

"सर, ते वाल टोकायचं यंत्र हाय," रोशनी म्हणाली. "आता बरोबर चालतंय."

"निवड नाचाची झालीय. व्हिडिओ वरपर्यंत गेलाय. परत भर त्या खाचा."

ढवळूने पीठ कालवायला चक्क नकार दिला. नोकरीतला त्याचा हा पहिलाच नकार. मग रोशनीनेच पीठ कालवलं आणि वीसच्या वीस खाचा आपल्या हाताने बुजवल्या. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

प्रदर्शनात यंत्र झकास गोल फिरलं. मधोमध तुळशीदास सर हात जोडून उभे होते. लोककला विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव आलं. तिकडे गावी आई वाकून वाल टोकत होती.

सोमवारच्या प्रार्थनेला सरांनी प्रमाणपत्र सगळ्यांना दाखवलं. त्यासोबत परीक्षकांचा शेरा होता, तोही मोठ्याने वाचला: "कल्पना सुंदर. मात्र यंत्र सरळ रेषेत चालत नाही. विद्यार्थ्यांचं विज्ञान कच्चं आहे."

मग त्यांनी रोशनीला उभं केलं आणि सगळ्या शाळेदेखत समजावलं की बक्षीस मिळालं म्हणून हुरळून जाऊ नये, जरा अभ्यासाकडे लक्ष द्यावं.