टोमणा नको, अभिप्राय द्या

रणपिसे काका बेल एकदाच दाबतात, आणि दार उघडलं की या-बसा काही नाही, गळ्यातला हेडफोन काढून सरळ आपल्या तोंडापुढं धरतात आणि म्हणतात, "चार मिनिटं ऐका. मग अभिप्राय द्या. टोमणा नको."

दूधवाला असो, गॅसवाला असो, सगळ्यांना हेच. निवडणुकीच्या वेळी मतं मागायला माणसं आली होती, त्यांना काका म्हणाले की मत मलाही पाहिजे आहे, आधी तुमचं द्या, आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या चौघांना जिन्यात उभं करून एकेकाच्या कानाला हेडफोन लावला. परत ती माणसं आमच्या बिल्डिंगीत आली नाहीत.

माझ्याकडे आले तेव्हा मी दाराची साखळीसुद्धा काढली नव्हती. आमचे हे आयटीवाल्यांची गाडी चालवतात, अंधारात जातात ते रात्री जेवायलाच येतात, आणि मला बजावून ठेवलंय की कुणाला दार उघडायचं नाही. मी लोणी काळभोरची, तिकडं दिवसा कुणी दार लावत नाही, आणि इथं बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आठ महिन्यांची पोरगी घेऊन मी एकटी, लिफ्टला भ्यायची, गॅसला भ्यायची, पोरगी जरा जास्त झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. शाळा माझी नववीपर्यंत. त्यात समोरच्या दारातला हा उंच वाळका माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा, हातात सीडीचं मशीन. मी म्हणलं, मला गाण्यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, "उत्तम. कळणारे सगळे संपले."

काका सरकारी खात्यात होते, तक्रारी घ्यायच्या खिडकीवर. सगळी नोकरी त्या खिडकीत काढली, आणि तिथं त्यांची जीभ अशी तयार झाली की म्हणे लोक तक्रार नसली तरी ऐकायला यायचे. एकानं विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं, तर म्हणाले, तो मोठा झाला, आता साहेबांच्या टेबलावर बसतो. एक बाई म्हणाल्या, मी दर महिन्याला येते हो, तर म्हणाले, आपण फार नियमित आहात, आमच्याकडे नोकरी करा. हे मला पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी बाईंनी सांगितलं, आणि त्यांना ते त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, कारण तो अर्जवाला तोच.

असा माणूस आता टोमणा नको म्हणत हिंडत होता, पण त्यांना स्वतःलाच ते जमत नव्हतं. गाण्याची माहिती द्यायला लागले. "याला सिंगल म्हणतात. म्हणजे एकच गाणं, मागं-पुढं काही नाही. आणि प्रकार इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल. म्हणजे भोसरीतल्या कारखान्यांनी आरतीला उभं राहायचं ठरवलं तर—" आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "हा टोमणा झाला. मागे घेतला."

मी हेडफोन लावला. आधी बारीक घरघर, मंग धाड धाड धाड, पत्र्यावर घण मारावा तसं, आणि त्याच्या आतनं एक माणूस बोलतोय, पण पाइपातनं बोलावं तसं, इंग्रजीत, काही कळत नव्हतं. मंग सगळं वाढत वाढत इतकं झालं की मला वाटलं भिंत येते अंगावर. शेवटी सगळं एकदम थांबलं आणि एकच टक टक राहिली. मी हेडफोन ओढून काढला आणि पोरगी रडतेय का बघायला आत पळाले. ती झोपली होती. बाहेर येऊन म्हणलं, "काका, भ्या वाटतंय हो हे ऐकून."

काकांचा चेहरा असा फुलला की मला कळेना. "भ्या वाटतं. वा. अगदी हेच शब्द ना?" म्हणाले, आणि बोटं मिटून, जसं काही ते शब्द मुठीत धरलेत, घाईघाईनं घरात गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पेढे. म्हणाले, "आपल्या अभिप्रायानं ताट रिकामं आलं."

मी म्हणलं, कुणाचं ताट. तेव्हा कळलं की काकांच्या घरात आणखी एक माणूस राहतो. मी त्यांच्या समोर राहायला येऊन पाच महिने झाले होते आणि मला वाटायचं काका एकटेच.

सुमेध. मुलगा. हिंजवडीत मोठ्या कंपनीत होता. मंदी आली तेव्हा एका सकाळी त्यांच्या अख्ख्या टीमला खोलीत बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत गळ्यातली कार्डं काढून घेतली. त्या दिवसापासून तो आतल्या खोलीत गेला तो गेलाच. काका बाहेर गेले की न्हाणीघरात जाऊन येतो, तेही बादली ओली दिसते म्हणून कळतं. आई लहानपणीच गेलेली. काका दारापाशी ताट ठेवतात, बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावतात आणि पेपर वाचत बसतात, पण पेपर वाचत नसतात. ताट जसंच्या तसं राहायचं. मंग एकदा काकांनी दाराशी उभं राहून सांगितलं की खालचा इस्त्रीवाला तुझं गाणं ऐकून म्हणाला, गाणारा अजून यायचाय का. तर आतनं हसल्यासारखा आवाज आला, आणि सकाळी ताट रिकामं.

ते गाणं त्याचं होतं. रात्र-रात्र बसून कॉम्प्युटरवर केलेलं. नेटवर टाकलं होतं, तर कुणी जर्मनीतल्या माणसानं लिहिलं होतं की ढोल थोडा मागं ठेवायला हवा होता. काका ते पाठ म्हणून दाखवायचे. ढोल मागं ठेवला म्हणजे काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण जर्मनीतल्या माणसानं वेळ काढला याचं त्यांना फार कौतुक होतं. नंतर नेटवर कुणी लिहीना झालं. मंग काका हेडफोन घेऊन बाहेर पडले.

एकदा, म्हणे, अभिप्राय मिळाला नाही म्हणून घरीच बनवून सांगितला, एका सज्जन गृहस्थांचं म्हणणं पडलं की सदर गाणं अत्यंत दर्जेदार आहे. आतनं आवाज आला, "बाबा, हे तुमचं ड्राफ्टिंग आहे." दोन दिवस ताट परत.

तर असं होतं. खरा पाहिजे, दुसऱ्याचाच पाहिजे, आणि मन दुखवणारा नको. वॉचमन "बढ़िया है साब" म्हणाला तो त्यांनी घेतला नाही, म्हणाले हा अभिप्राय नाही, हा सलाम आहे. कुलकर्णी बाई म्हणाल्या, वरच्या मजल्यावर फरशा फोडत होते तेव्हा आम्ही हे फुकट ऐकलंय. तो त्यांनी जिन्यातच टाकून दिला. बिल्डिंग संपली तेव्हा मार्केट यार्डात गेले, पीएमटीच्या बसमध्ये बसले, दाढी करताना न्हाव्याला ऐकवलं, त्यात गाल कापून घेतला. न्हावी म्हणाला होता, माझा हात आपोआप जोरात चाललाय. तो अभिप्राय काकांनी मला दोनदा सांगितला, गालाला तुरटी लावत.

मला हसू यायचं, पण पुरतं हसता यायचं नाही. कारण एकदा बोलता बोलता ते म्हणाले की सुमेधच्या खोलीतला पंखा मी दुरुस्तीला नेला आणि मुद्दामच परत लावला नाही. एवढंच म्हणाले आणि मार्चचं ऊन यंदा कसं आहे त्यावर गेले.

मंग सोसायटीच्या चेअरमननं घाण केली. काका दारातच उभे होते, दार उघडं, चेअरमन जिन्यानं वर येत होते, काकांनी हेडफोन पुढं केला. चेअरमन थांबले, ऐकलंसुद्धा नाही, मोठ्यानं म्हणाले, "रणपिसे, लिहून घ्या अभिप्राय. आमच्या मिक्सरलाही नोकरी नाही, पण तो निदान चटणी तरी करतो." वरच्या-खालच्या दारांतनं लोक हसले. आमच्या दारामागं मी ऐकत होते.

त्या दिवशी ताट तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली, एकदा नाही, तीन-चारदा, आणि काकांच्या हातात हेडफोन नव्हता. "वैशालीताई," ते म्हणाले, "पाण्याचा तांब्यापण आत घेतला नाही त्यानं. हाक मारली तर ओ देत नाही. आपण येता का? दुसरं कुणी मला... मी सगळ्यांना बोलून ठेवलंय आयुष्यभर."

मला ह्यांचं बजावणं आठवलं. परक्याचं घर, कोंडून घेतलेला पुरुष, कडेवर पोरगी. पण मी चप्पल न घालता तशीच गेले.

दाराशी तीन दिवसांची शिळी भाजी होती. काका उंबऱ्याजवळ खालीच बसले, आणि मी विचारलं नव्हतं तरी बोलायला लागले, हळू. म्हणाले, माझ्या निवृत्तीच्या जेवणाला खिडकीवरचे सगळे मित्र आले होते, आणि ह्यानं गाणं त्याच दिवशी पुरं केलं होतं, सगळ्यांच्या देखत माझ्या कानाला लावलं, कसं वाटलं बाबा म्हणाला. "मी म्हणालो, ओळखीचा आवाज आहे, टाकीत पाणी नसताना मोटर चालू राहिली की येतो. काय हसले सगळे. तो पण हसला. पुढच्या महिन्यात नोकरी गेली. पहिला अभिप्राय माझा होता, ताई."

मी दारालाच बोलायला लागले, एका दमात, थांबले असते तर पळाले असते. म्हणलं, दादा, मी समोरची, भ्या वाटतं म्हणलं होतं ती मीच. ते मी खोटं नव्हतं म्हणलं. मला रोजच भ्या वाटतं, पोरगी झोपली की वाटतं, उठली की वाटतं, कुणाला सांगितलं तर म्हणतात काय तरीच काय, आणि तुमच्या गाण्यात ते तसंच हाय, जसं छातीत होतं तसं. मला वाटायचं हे माझ्या एकटीलाच होतं. परत ऐकायचं होतं पण काकांना मागायची लाज वाटली. दादा, ओ द्या हो, मी लहान पोर घेऊन उभी हाय.

पोरगी माझ्या पदराशी चाळा करत होती. काकांनी डोळे मिटले होते.

मंग आतनं, घसा बसलेल्या माणसाचा आवाज आला. "कुठे?"

मी म्हणलं, काय कुठे?

"गाण्यात. कुठे भीती वाटली?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. खिडकीतला तो माणूस, ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो दाराला कपाळ टेकवून ओठ नुसते हलवत होता. मंग म्हणाले, "मी सांगू? लाव."

आत गाणं लागलं, बारीक आवाजात. घरघर झाली, घण सुरू झाला, तो पाइपातला माणूस बोलायला लागला. काका ऐकत राहिले, आणि मध्येच दारावर हात आपटला.

"इथं," ते म्हणाले. "इथं मी घाबरलो. माझं पोरगं असं ओरडतंय आणि मला माहीतच नाही. म्हणून मी विनोद केला."

गाणं थांबलं. मी पोरगीला छातीशी घट्ट धरलं.

मंग तेवढाच तुकडा आतनं परत लागला.