बिनगेअरचा मुऱ्हाळी

आखाजीच्या आदल्या दिवशी जीवरामभाऊंनी ठरवलं, की अक्काला आणायला यंदा स्वतःच्या गाडीने जायचं. निर्णय तसा छोटाच. जळगावात पिंप्राळ्यातून निघायचं, धुळ्यावरून पिंपळनेर गाठायचं, बहिणीला गाडीत बसवायचं आणि परत यायचं. एवढं तर कुणीही करतं. (करतंच. जीवरामभाऊंनी आजवर केलं नव्हतं, इतकंच.)

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी येते. पण आपण होऊन येत नाही. तिला घ्यायला माहेरचं माणूस जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. कुंदाअक्काची साठी उलटली, सुना आल्या, तरी हा मान तिने सोडला नव्हता. जीवरामभाऊंची बायको मोहिनी होती तोवर तीच जाऊन नणंदेला घेऊन यायची. ती गेल्यावर पहिल्या आखाजीला जीवरामभाऊंनी फोन केला.

"अक्का, सकाळची थेट बस आहे बघ."

"बस शे हाई माले बी माहीत शे," अक्का म्हणाली. "भाऊ शे का, ते सांग."

आणि फोन बंद. त्या आखाजीला घरात ते एकटेच. गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, तीही त्यांनीच भरली. घागरीवर खरबूज ठेवायचं राहिलं, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. यंदा मात्र अक्का आलीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

गाडी शेजारच्या नीलेशकडून विकत घेतलेली, जुनी. जीवरामभाऊंच्या पायांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक कधीच कळला नव्हता, म्हणून नीलेशने समजूत घातली होती, "काका, ही ऑटोमॅटिक आहे. गेअर टाकायचेच नाहीत. नुसतं बसायचं." नुसतं बसण्याचा सरकारी नोकरीतला दांडगा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच.

साक्रीपर्यंत सगळं सुरळीत झालं. साक्रीच्या पुढे एका रसवंतीपाशी, निंबाच्या सावलीत, त्यांनी गाडी थांबवली. रस प्यायला नव्हे. अक्का दारात उभी राहिली की पहिलं वाक्य काय बोलायचं, हे अजून ठरलं नव्हतं. पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद केलं. पण वैशाखाचं ऊन, म्हणून पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला. एकट्याने बोलताना लोक हसतील म्हणून रेडिओही लावला. मग समोरच्या काचेला अक्का समजून सुरुवात केली.

"अक्का, माझं चुकलं." (फारच पडतं घेतल्यासारखं.) "अक्का, चल." (फारच दरडावल्यासारखं.) "अक्का, घर तुझंच आहे." (हे बरं होतं, पण गेल्या वर्षी कुठे गेलं होतं, असं ती विचारणार.)

असं करत करत माफीचं उत्तम भाषण तयार झालं, आणि त्याच क्षणी पंखा मंदावला, रेडिओ गप्प झाला. चावी फिरवली. बॉनेटखालून टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि तोही बंद पडला.

"बॅटरी बसली," रसवाला उसाचं कांडं चरकात सारत म्हणाला. "धक्का मारावा लागेल."

धक्का मारायला माणसंही चालून आली. पिंपळनेरकडे निघालेला एक ट्रॅक्टर रसवंतीवर थांबला. ट्रॉलीत बॅगा, पिशव्या आणि माहेरी निघालेल्या पाच-सात बाया, मोठमोठ्याने गाणी म्हणत. त्यांतल्या मंदाबाईने खाली वाकून विचारलं, "आते काय व्हयनं, भाऊ? कोनले लेवाले जाई ऱ्हायना?"

"बहिणीला. मुऱ्हाळी आहे मी."

"मुऱ्हाळी वाटमा अडकना! हात लावा वं बायासहोन!"

बाया खाली उतरल्या. जीवरामभाऊंनी नीलेशने दाखवल्याप्रमाणे दांडी मधल्या खुणेवर आणली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले. गाडी हलली. पळाली. शेजारचं कांद्याचं शेत मागे पडलं, पुढचा पूल मागे पडला. इंजिन काही बोलेना.

"अजून थोडं!" जीवरामभाऊ खिडकीतून डोकं काढून ओरडले. "येतंय, येतंय!"

(काहीही येत नव्हतं.)

शेवटी ट्रॅक्टरवाला धापा टाकत खिडकीशी आला. "दुसरा गेअर टाकीसन क्लच सोडा ना, भाऊ."

"यात क्लच नाही."

"मंग गेअर?"

"तोही टाकायचा नसतो."

ट्रॅक्टरवाल्याने कपाळ पुसलं. "मंग ती धक्क्यावर कशी चालू व्हई? आखो सुरतलोंग ढकली तरी व्हवाव नही!"

मग मंदाबाई रस्त्याच्या कडेलाच बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला उठवायला दोघी लागल्या. "बठ्ठ्या बायासले भर उन्हमा पयाडं, आनि गाडीले गेअरच नही!"

बॅटरीला बॅटरी जोडायची तार ट्रॅक्टरवाल्याकडे नव्हती. दोर होता.

म्हणून पिंपळनेरात जीवरामभाऊंचा प्रवेश झाला तो असा: पुढे ट्रॅक्टर, मागे गाणाऱ्या बायांची ट्रॉली, तिच्यामागे दोराने बांधलेली मोटार, आणि मोटारीत माफीचं भाषण पाठ असलेला मुऱ्हाळी. वरात समजून चौकातून पोरं मागे लागली.

कुंदाअक्का दारात आली. तिने आधी ट्रॅक्टर पाहिला, मग बाया, मग दोर, आणि दोराच्या टोकाला भाऊ.

"हाऊ काय तमाशा शे, जिवराम?"

जीवरामभाऊ खाली उतरले. भाषणातलं एकही वाक्य आठवेना. "तुला न्यायला आलो," एवढंच ते बोलले.

"कशामा?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. शर्ट अंगाला चिकटलेला, कॉलरचं बटण तुटलेलं. ते बटण लावणारं माणूस घरात उरलं नव्हतं, हे तिला दिसलं असावं. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मोहिनीनी घागर भरानी शे ना सकाय? खरबूज आनेल शे का?"

"राहिलं."

"राहिनंच व्हई," असं म्हणून ती पिशवी भरायला लागली.

गाडीचं काही होण्यासारखं नव्हतं. गावातला गॅरेजवाला त्याच्या बहिणीला आणायला गेला होता. गाडी अंगणात तशीच राहिली आणि दोघं एसटी स्टँडवर आली. बसमध्ये अक्का खरबूज मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. जीवरामभाऊ शेजारी, दमून, डोळे मिटून. पण मनातून गडी खूश होता. कसंही असो, बहीण न्यायची ती नेली.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "काय अक्का, आखाजीला माहेरी का?"

"नही रे भाऊ," कुंदाअक्का सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हाऊ मना भाऊ. याले घर सोडाले जाई ऱ्हायनू."

कंडक्टरने जीवरामभाऊंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज उतरवून काळजीने विचारलं, "एकटं येणं-जाणं जमत नाही का त्यांना?"

"जमस ना," अक्का म्हणाली. "पन ट्रॅक्टर लागस."